टॉप एंडमधले साप-सरडे: कुठे, केव्हा, कसे शोधायचे (फोटोवाल्यांसाठी धागा)

सापसुरळी

ऑस्ट्रेलियात साप-सरडे बघायला नेमकं कुठे आणि केव्हा यायचं, असं विचारणारे इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी डार्विनला राहते, त्यामुळे हे सगळं टॉप एंडबद्दल, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीच्या उत्तर टोकाबद्दल आहे. देश खंडाएवढा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नोंदलेल्या जाती हजाराच्या वर. तेव्हा बाकीच्या राज्यांतल्या मंडळींनी आपापली भर घालावी.

बहुतेक जण विचारतात, अमुक साप कुठे दिसेल? माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: तो खातो काय, आणि ते खाणं या महिन्यात कुठे असतं? हे कळलं की निम्मं काम झालं. याचं सगळ्यात झकास उदाहरण माझ्या घरापासून तासाभरावर आहे.

आर्नहेम हायवेने हम्प्टी डू ओलांडून पुढे गेलं की डार्विनपासून साधारण ७० किलोमीटरवर फॉग डॅम लागतो. १९५६ मध्ये हे धरण भातशेतीसाठी बांधलं. ॲडलेड नदीच्या पूरमैदानात भाताचं कोठार उभं करायचा बेत होता. बेत पार फसला, धरण तेवढं राहिलं, आणि पाणपक्ष्यांनी तिथे संसार थाटला. दिवसा पक्षीवाल्यांची गर्दी असते. अंधार पडला की रस्त्यावर वॉटर पायथन नावाचे अजगर येतात. पाठ काळपट तपकिरी, टॉर्चच्या उजेडात पावसाळी रस्त्यावरच्या पेट्रोलच्या तवंगासारखी रंग बदलणारी, आणि पोट पिवळंधमक.

एका जागी एवढे अजगर कशासाठी? तर उंदरांसाठी. मैदानातली काळी माती कोरड्या दिवसांत तडकते, त्या भेगांमध्ये डस्की रॅट नावाचे उंदीर राहतात, आणि भेगेत शिरून शिकार करणं अजगराला सोपं. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली गेलं की उंदीर नदीकाठच्या उंचवट्यांवर सरकतात. अजगरही मागोमाग निघतात, काही तर १२ किलोमीटरपर्यंत. रिचर्ड शाइन आणि थॉमस मॅडसेन या संशोधकांनी वर्षानुवर्षं इथले अजगर पकडून, खुणा करून, अंगात ट्रान्समीटर बसवून हे उलगडलं. २००७ च्या मोठ्या पुरात उंदरांचा जवळजवळ निकाल लागला, तेव्हा अजगरांचीही उपासमार झाली. म्हणून ऐन पावसाळ्यात येऊन 'इथे तर काहीच नाही' म्हणणाऱ्यांना मी सांगते, पाहुणे गावाला गेलेत, कोरडे दिवस आले की परततील.

बांधावर पायी फिरायला मनाई आहे. कारण खाऱ्या पाण्यातली मगर, जी खुशाल गोड्या पाण्यातही राहते. गाडीतूनच बघायचं. फोटो हवा असेल तर बांधाच्या बऱ्याच अलीकडे, रस्त्यावर जो प्राणी भेटेल त्याचा घ्या. आणि निघण्यापूर्वी पार्क खात्याच्या संकेतस्थळावर रस्ता उघडा आहे ना, ते बघून घ्या.

आता केव्हा यायचं. इथे वर्षाचे ढोबळ दोन भाग: मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडा, नोव्हेंबर ते एप्रिल ओला. पण सापवाल्यांचा खरा हंगाम या दोहोंच्या सांध्यावर, ज्याला इथे बिल्ड-अप म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोज दुपारी ढग भरून येतात, गडगडतात आणि बहुतेकदा तसेच जातात. घामाने माणसं वेडीपिशी होतात, त्याला इथले लोक मँगो मॅडनेस म्हणतात, कारण आंबेही तेव्हाच पिकतात. काकाडू या इथल्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानाचे मूळ रहिवासी बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात, त्यातला हा गुनुमेलेंग. मला विचाराल तर दोन ऋतूंचं कॅलेंडर हॉटेलवाल्यांच्या कामाचं, सहाचं आमच्या.

पहिली सर पडली की झालर सरडा, फ्रिल्ड लिझर्ड, झाडावरून खाली येतो. कोरड्या महिन्यांत तो उंच फांद्यांवर जवळजवळ निपचित असतो, खाणं कमी, हालचाल कमी. जुलैत आलेला पर्यटक त्याच्याच झाडाखाली उभा राहून सँडविच खातो आणि त्याला पत्ता नसतो. पावसाबरोबर वाळवी आणि किडे निघाले की हे महाशय बुंध्यावर, रस्त्याकडेला, कुठेही दिसतात.

रात्रीची पद्धत अशी: डांबरी रस्ता दिवसाची ऊब धरून ठेवतो, साप त्यावर येतात. दमट, उकाड्याची, बिनचांदण्याची रात्र उत्तम. गाडी ताशी ४०-५० च्या पुढे नेऊ नये. रस्त्यावरची प्रत्येक काटकी, दोरी, फाटक्या टायरची पट्टी साप वाटते. उलट डेथ ॲडर नावाचा विषारी साप हुबेहूब वाळक्या फांदीच्या तुकड्यासारखा पडून असतो, त्याला बघायला सवयीचे डोळे लागतात. मागून उजेड दिसला की गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्या. इथले रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब असतात आणि ते तुमच्यासाठी थांबत नाहीत.

पायी फिरताना टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरायचा. पालींचे डोळे चमकतात, कोळ्यांचे हिरवट-निळे ठिपके दिसतात, मगरीचे लालसर निखारे. सापाचे डोळे चमकत नाहीत, तो नुसत्या आकारावरून शोधावा लागतो.

लेन्स, फ्लॅश वगैरेबद्दल कोणी विचारलं तर प्रतिसादात लिहीन.


आंबोलीचा_पाऊस

जबरदस्त धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस पडले की आंबोलीत रात्रभर बेडकांचा गजर असतो आणि त्यांच्यामागे चापडे साप. तुम्ही म्हणता ते खाण्याचं गणित अगदी पटलं. हरणटोळ हवा तर सरडे कुठे ते बघ, असं आमचा जुना गाईडही सांगतो.

प्रश्न: तुमच्याकडे त्या केन टोडचा, बाहेरून आणलेल्या विषारी बेडकाचा, एवढा बोलबाला आहे. त्याने सापांचं खरंच नुकसान केलंय की पेपरवाले वाढवून लिहितात?


सापसुरळी

@आंबोलीचा_पाऊस, वाढवून नाही हो. १९३५ मध्ये उसावरचे भुंगे खायला म्हणून हवाईहून क्वीन्सलँडमध्ये आणले. भुंगे राहिले बाजूला, टोड पसरत पसरत २००५ च्या सुमारास फॉग डॅमला पोचले. त्याच्या मानेमागच्या ग्रंथीत विष असतं, आणि इथल्या प्राण्यांनी टोड ही चीजच कधी पाहिली नव्हती. पिवळ्या ठिपक्यांच्या मोठ्या घोरपडी काही भागांत ९० टक्क्यांहून जास्त घटल्या. किंग ब्राऊन साप, डेथ ॲडर, गोड्या पाण्यातल्या मगरी, सगळ्यांना फटका बसला. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, किती जिवंत रान आहे. जुन्या लोकांना विचारा, पूर्वी प्रत्येक ओढ्याला घोरपड असायची.

पण यात आपल्याकडच्यांना आवडेल अशी एक गोष्ट आहे. इथे कीलबॅक नावाचा एक पाणसाप आहे. आपल्या दिवडाच्या गोतावळ्यातला, पूर्वज आशियातून आलेले. आशियात टोड पहिल्यापासून होतेच, त्यामुळे ते विष पचवायची ताकद त्याच्या घराण्यात आहे. तो टोडची पिल्लं खाऊन मजेत जगतो. फॉग डॅमला ओल्या रात्री हमखास दिसतो. फोटोत अगदी दिवडच वाटेल.

पश्चिमेकडच्या किंबर्ली भागात टोडची फौज पोचण्याआधीच घोरपडींना लहान टोड खायला घालून 'हे खाल्लं की मळमळतं' असा धडा देण्याचे प्रयोग झाले. शिकलेल्या घोरपडी जास्त तगल्या. छोटा टोड मारत नाही, अद्दल घडवतो.


मावळतीकर

आम्ही जूनअखेर येतोय, मुलाच्या शाळेमुळे दुसरा पर्याय नाही. आई-बाबाही बरोबर. तुमचा धागा वाचून पोरगा हिरमुसलाय, झालर सरडा दिसणार नाही म्हणून. मग दिसणार तरी काय? रात्री-बेरात्री हिंडणं आई-बाबांना जमणार नाही.


सापसुरळी

@मावळतीकर, अहो पोराला हिरमुसू देऊ नका, कोरड्या दिवसांत उलट मगरी जास्त सुखाने बघता येतात. पाणी थोडं गार झालं की त्या काठावर ऊन खात पडतात. काकाडूला यलो वॉटरची सकाळची बोट घ्या, आजी-आजोबांना खुर्चीत बसून सगळं दिसेल. १९७१ मध्ये टेरिटरीत मगरींच्या शिकारीवर बंदी आली, तेव्हा त्या अगदी थोड्या उरल्या होत्या. आज त्यांची संख्या लाखाच्या घरात मानतात.

पोरासाठी खास: पाण्याजवळच्या बागांत, कॅम्पग्राउंडवर एक सडपातळ सरडा दिसतो, जबड्याखाली पांढरा पट्टा. थोडा पळतो, थांबतो आणि पुढचा पाय हवेत हलवतो. इथली मुलं त्याला टा-टा लिझर्ड म्हणतात. काकाडूतल्या उबिर्रला खडकांवर छोटे रॉक वॉलबी (कांगारूचे लहान भाऊबंद) असतात. डार्विनमध्येच ईस्ट पॉइंटला संध्याकाळी वॉलबी चरतात. आणि काळ्या डोक्याचा पायथन कोरड्या दिवसांतही रस्त्यावर भेटू शकतो. डोकं शाईत बुडवून काढल्यासारखं काळंभोर. बिळातून नुसतं डोकं बाहेर काढून उन्हात तापवता यावं म्हणून तो रंग, असं मानतात. हा मुख्यतः इतर साप-सरडेच खातो, विषारीसुद्धा.

एकच गोष्ट घरच्यांना नीट समजावा: कुठल्याही नदी, ओढा, बिलबाँगच्या (नदीच्या साचलेल्या डोहाच्या) कडेपासून किमान ५ मीटर लांब. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी. आणि रोज त्याच वेळी त्याच जागी पाण्याशी जायचं नाही. मगर बघून ठेवते.


वैद्यबुवा

धागा छान आहे, पण सर्पदंशाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून माझी टिपणी. मी काही वर्षं क्वीन्सलँडच्या ग्रामीण भागात काम केलं.

ऑस्ट्रेलियात ना घोणस, ना फुरसं. व्हायपर कुळ इथे नाहीच. जमिनीवरचे धोकादायक साप सगळे नाग-मण्यारच्या कुळातले. डेथ ॲडर दिसतो घोणशीसारखा, जाडजूड, दबा धरून बसणारा, शेपटीचं टोक किड्यासारखं वळवळवून भक्ष्याला बोलावणारा. पण गोत्र नागाचं. या सापांच्या दंशात बहुधा स्थानिक ऊतकं सडत नाहीत, विष लसिकावाहिन्यांतून हळूहळू अंगात पसरतं. त्यावरून स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७० च्या दशकात दाबपट्टीची पद्धत बसवली. रुंद इलॅस्टिक बँडेज बोटांपासून वरपर्यंत अख्ख्या हाता-पायाला घट्ट गुंडाळायचं, काठीने तो अवयव बांधून स्थिर करायचा, माणसाला जागचं हलू द्यायचं नाही आणि ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन. जखम धुवायची नाही. साप मारायचा नाही, पकडून न्यायचा तर अजिबातच नाही.

हीच पट्टी घरी जाऊन शिकवू नका. घोणस आणि फुरशाच्या दंशात त्याच जागी ऊतकं खराब होतात, म्हणून भारतात घट्ट पट्टी सरसकट सुचवत नाहीत. अवयव स्थिर ठेवून लवकरात लवकर दवाखाना, एवढंच.

आकडे सांगतो म्हणजे भीती जागेवर येईल. ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोन माणसं जातात. भारतात २००० ते २०१९ या काळात अंदाजे बारा लाख, म्हणजे वर्षाला ५८ हजार. इथले साप विषाने जहाल असूनही हे असं. कारण माणसं विरळ, पायात बूट, शेतात अनवाणी कोणी नाही, हेलिकॉप्टर येतं, प्रतिविष मिळतं.

प्रतिविषामागेही किंमत मोजलेली आहे. १९५० मध्ये केर्न्सजवळ केव्हिन बडन नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने विष काढण्यासाठी तैपान हा जहाल विषारी साप जिवंत पकडला. त्याला दंश झाला, दुसऱ्या दिवशी तो गेला. पण साप मारू नका, मेलबर्नच्या प्रयोगशाळेत पाठवा, असा त्याचा आग्रह होता. तैपानचं प्रतिविष १९५५ मध्ये आलं.

अवांतर: टॉप एंडच्या ओल्या मातीत मेलिऑइडोसिस या गंभीर संसर्गाचे जंतू असतात. पावसाळ्यात चिखलात झोपून लो अँगल काढणाऱ्या, मधुमेह असलेल्या फोटोग्राफर काकांनी सापापेक्षा याची काळजी करावी.


सापसुरळी

वैद्यबुवा, फार उपयोगी प्रतिसाद. धाग्यात वर जोडायची सोय असती तर जोडला असता. दाबपट्टी माझ्या कॅमेरा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असते, आतल्या नाही. आणि जिथे फोनला रेंज नाही (म्हणजे डार्विन सोडलं की बहुतेक ठिकाणी) तिथे उपग्रहावर चालणारा संकटसूचक बीकन बरोबर ठेवा.


कॅमेरा_कुली

बाकी सगळं ठीक, पण खरं बोलूया. रस्त्यावर भेटलेला साप पोज देत बसत नाही. साप उचलायच्या हुकने हळूच बाजूला घ्यायचा, वर टोपी ठेवायची, दोन मिनिटांत वेटोळं करून शांत होतो, टोपी उचलली की क्लिक. जगभरातले लोक हेच करतात, तुम्ही ज्यांच्या फोटोंना वाहवा म्हणता तेही. डांबरावरचा लांबलचक साप कोणाला बघायचाय? आणि रस्त्यावरून उचलून बाजूला ठेवलं तर त्याचा जीवच वाचतो.


सापसुरळी

@कॅमेरा_कुली, टेरिटरीत देशी वन्यप्राण्याला परवान्याशिवाय पकडणं, हाताळणं गुन्हा आहे. हुक ही हाताळणीच. संशोधकांकडे परवाना असतो, पर्यटकाकडे नसतो. हा झाला कायदा.

आता आवडीचं. टोपीखालून निघालेल्या सापाचे फोटो मला दुरून ओळखू येतात. सगळे एकसारखे: आवळलेलं वेटोळं, डोकं मधोमध, खाली स्वच्छ पालापाचोळा. त्यात साप काय करत होता हे कुठे आहे? वॉटर पायथन भेगेत अर्धा शिरलेला, कीलबॅक पाण्याच्या कडेला टोडचं पिल्लू गिळताना, हे फोटो तांत्रिकदृष्ट्या कच्चे असले तरी मी तासभर बघेन. डांबरावरचा सापही वाईट नसतो. १०० ची मॅक्रो ठेवा बॅगेत, विषारी सापाला १००-४०० लावा, दूर पोटावर झोपा, फ्लॅशला डिफ्यूझर, आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. (वैद्यबुवांचा चिखलाचा सल्ला लक्षात ठेवून.)

काही जण पाल-सरडे फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात आणि मग पानावर ठेवून काढतात. त्यांच्याशी मला वादही घालायचा नाही.


कॅमेरा_कुली

फ्रिजवाल्यांच्या रांगेत मला बसवू नका ताई. कायद्याचं मान्य, इथे हुक काढणार नाही. पण पोजचं मत माझं तेच. मासिकाला वेटोळंच लागतं.


आंबोलीचा_पाऊस

मासिकांनी मागणं बंद केलं तर बरं होईल. आमच्याकडे एकेका चापड्याभोवती आठ-आठ जण फ्लॅश मारत बसतात, आणि फांदी 'जरा पुढे' ओढणारा एक तरी असतोच. वर सर्पमित्र म्हणवणारे नाग गळ्यात घालून रील काढतात, तेही वन्यजीव कायदा १९७२ पासून असताना. बत्तीस शिराळ्याला न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. ऑस्ट्रेलियात निदान दंडाची भीती आहे.


सिडनीचा_सदू

@आंबोलीचा_पाऊस, भीती आहे, पण सगळं आलबेल नाही. सिडनीभोवतीच्या वालुकाश्माच्या कड्यांवर ब्रॉड-हेडेड स्नेक राहतो. काळा, पिवळ्या ठिपक्यांच्या आडव्या रेघा, सुंदर आणि विषारी. थंडीत तो कड्याच्या टोकावरच्या पातळ दगडी फरश्यांखाली असतो, उन्हाळ्यात झाडांच्या ढोलीत जातो. बागा सजवायला लोकांनी त्या फरश्या गाड्या भरभरून नेल्या आणि सापाचं घरच गेलं. उरलेल्या फरश्या साप शोधणारे उचलून बघतात.

आता कोणी म्हणेल, उचलून पुन्हा ठेवला तर काय बिघडलं? बिघडतं. जोनाथन वेब आणि शाइन यांच्या गटाने यावर काम केलंय. दगड थोडासा जरी वाकडा बसला तरी खालची फट बदलते, ऊब बदलते, आणि साप व त्याचं खाद्य असलेली व्हेल्व्हेट गेको पाल, दोघंही त्या दगडाकडे पाठ फिरवतात. तोच दगड पुन्हा बरोबर बसवला की परत येतात. म्हणून आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचा नियम: दगड उचलायचा नाही, फटीत टॉर्च मारून दिसलं तर दिसलं.

सिडनीत राहणाऱ्यांनी फार लांब जाऊच नये खरं तर. रॉयल नॅशनल पार्क १८७९ चं आहे, लोकल ट्रेनने जाता येतं. रात्री वालुकाश्माच्या भिंतीवर पानासारख्या शेपटीची गेको, उन्हाळ्यात लेस मॉनिटर (आपली घोरपड, पण झाडावर सरळ चढणारी), ओढ्याकाठी वॉटर ड्रॅगन. नशीब जोरावर असेल तर डायमंड पायथन. आमच्या तर कचऱ्याच्या डब्याखाली निळ्या जिभेची सापसुरळी राहते. बायको तिला 'मामी' म्हणते.


ॲडलेडची_आजी

सगळे तरुण मंडळी साप-साप करताय, आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एका सापसुरळीची गोष्ट ऐका. पिग्मी ब्लूटंग म्हणून एक छोटी जात. कित्येक दशकं कोणालाच दिसली नव्हती, संपली असंच सगळे धरून चालले होते. १९९२ मध्ये बर्रा गावाजवळ रस्त्यावर गाडीखाली मेलेला एक ब्राऊन स्नेक सापडला, आणि त्याच्या पोटात ही! म्हणजे जिवंत आहे म्हणायची. मग शोध घेतला तर गवताळ कुरणांत, कोळ्यांनी खणून सोडलेल्या उभ्या बिळांत राहत होत्या. दिवसभर बिळाच्या तोंडाशी डोकं काढून बसायचं, किडा आला की झडप घालायची, परत आत. मेंढ्या चरतात त्याच माळावर.

मी स्वतः तिथे गेले नाही आणि जाणारही नाही, त्या शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी आहेत. पण शिंगलबॅक मात्र आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात कोणालाही दिसतील. पाइनच्या शंकूसारखे खवले, शेपूट एवढी आखूड-जाड की पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं कळू नये. मायकेल बुल नावाच्या प्राध्यापकांनी माउंट मेरीच्या माळावर अनेक दशकं त्यांचा अभ्यास केला. दर वसंतात नर-मादी त्याच जोडीदाराला पुन्हा शोधून काढतात, काही जोड्या २० वर्षांहून जास्त टिकल्या. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, वर्षातले दोनच महिने एकत्र राहतात म्हणून टिकतात.

मात्र याच गरीब प्राण्याला मोज्यात कोंबून, टेपने बांधून परदेशी पार्सल करणारे लोक आहेत. इथून जिवंत देशी सरपटणारे प्राणी धंद्यासाठी बाहेर पाठवायला बंदी आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी करतात.


निनावी_वाचक

आजी, कमाल प्रतिसाद. सापसुरळीताई, तुम्ही डेथ ॲडरचं नेमकं ठिकाण का देत नाही? हायवेचं नाव, किलोमीटरचा दगड दिलात तर आमचा वेळ वाचेल. शेवटी एवढं भाडं खर्चून येतो.


सापसुरळी

@निनावी_वाचक, याचं कारण आजींनी वरच लिहिलंय. हे धागे गुगलवर येतात, आणि वाचणारा प्रत्येक जण कॅमेराच घेऊन येतो असं नाही. फॉग डॅम सगळ्या जगाला माहीत आहे म्हणून नाव घेतलं. डेथ ॲडर, केव्ह गेको यांची जागा मी देणार नाही, व्यनितही नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरसुद्धा धोक्यातल्या जातींची नोंद मुद्दाम ढोबळ चौकोनात दाखवतात. तुम्ही महिना आणि हवामान बरोबर साधलंत तर ठिकाणाची गरज लागणार नाही.

काकाडूच्या पूर्वेला आदिवासींच्या मालकीच्या आर्नहेम लँडमध्ये शिरायला नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो, काकाडूचा वेगळा पास असतो. काही ठिकाणच्या चित्रांचे, पवित्र जागांचे फोटो काढायला मनाई असते. पाटी दिसली की कॅमेरा खाली.


होबार्टकर

आमच्या टास्मानियात सापांच्या तीनच जाती: टायगर, कॉपरहेड, व्हाइट-लिप्ड. तिन्ही विषारी आणि तिन्ही पिल्लांनाच जन्म देणाऱ्या, थंडीत अंडी कुठे उबवणार. त्यामुळे 'हा बिनविषारी असेल का' हा प्रश्नच इथे पडत नाही. ओळख पटवायचं पुस्तकही पातळ लागतं. :)


मावळतीकर

टा-टा लिझर्डचा व्हिडिओ पोराला दाखवला, आता तो घरभर तसाच हात हलवत फिरतोय. शेवटचा प्रश्न: भाड्याची गाडी घेतली तर रात्री अशी हळूहळू फिरवता येते ना? कंपनीने अटींचं चौदा पानी पत्रक पाठवलंय.


सापसुरळी

@मावळतीकर, ते पत्रक वाचाच. टेरिटरीत बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात अशी अट असते की शहराच्या हद्दीबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवली आणि जनावराला धडकली तर विमा नाही. वॉलबी, म्हशी, मोकाट गुरं, सगळं रात्रीच रस्त्यावर येतं. काही कंपन्या जास्त पैसे घेऊन ती अट काढतात, बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या. नाहीतर डार्विनहून रात्रीची वन्यजीव सफर काढणारे परवानाधारक गाईड आहेत, आजी-आजोबांसकट जाता येईल.

लांब बाह्यांचे कपडे आणा, फॉग डॅमचे डास कुप्रसिद्ध आहेत. आणि डासांचं मलम हाताला लावून कॅमेऱ्याला हात लावू नका, त्यातलं रसायन रबर-प्लास्टिक खातं. बेडकाला तर त्या हाताने मुळीच नाही.